पासष्ट मिनिटं

"एक्केचाळीस टक्क्यांवर मरतो," लॅपटॉप म्हणाला.

मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. काउंटरपलीकडे साठी ओलांडलेला एक उंच, उन्हानं रापलेला माणूस उभा होता. गळ्याशी लहान मुलाच्या लाळेऱ्यासारखा पांढरा रुमाल बांधलेला. ओठ घट्ट मिटलेले, आणि दोन्ही हातांची एकेक तर्जनी की-बोर्डवर. तो टाइप करत होता आणि यंत्र बोलत होतं. आवाज पुरुषी होता, पण सपाट, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. शेवटच्या अक्षरावर उगाच रेंगाळणारा.

"त्यांना म्हणायचंय चार्जर बदलून द्या," शेजारची बाई म्हणाली. ठेंगणी, कासोटा घातलेली, कपाळभर कुंकू. हातात मासळीची रिकामी पाटी.

माणसानं जोरजोरात मान हलवली. दोन बोटं पुन्हा चालली. "चार्जर चांगला आहे. बॅटरी बघा. रविवारपर्यंत."

"मालक कुठे आहेत?" बाईंनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं.

"मीच."

"तू?"

"मीच, काकी. विनया. बसा."

दापोलीला लॅपटॉप-दुरुस्तीचं दुकान टाकून मला नऊ महिने झाले होते, आणि हा प्रश्न दिवसातून दोनदा तरी यायचा. या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. आता कुणी विचारत नाही.

ते कारंजवाडी बंदरावरचे धर्माजी चोगले. सगळे त्यांना धर्मातात्या म्हणत. काकींचं नाव इंदू. तीस वर्षं तात्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारत होते. सोसायटीच्या खांबावर भोंगा होता, पण तात्यांना त्याची गरजच नसायची, असं काकी म्हणाल्या. वर्षभरापूर्वी घशात गाठ निघाली आणि मुंबईच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. रुमालाखाली श्वासासाठी भोक होतं. मुलगा आखातात नोकरीला होता, त्यानं हा जुना लॅपटॉप आणि बोलणारं सॉफ्टवेअर पाठवलं. सोसायटीत पावत्या करताना तात्यांना मराठी टायपिंग येऊ लागलं होतं, ते आता कामी आलं.

"नाहीतर मला ओठ बघून सांगावं लागतं," काकी म्हणाल्या. "मला सगळं कळतं त्यांचं."

तात्यांनी माझ्याकडे पाहून फक्त भुवया उडवल्या.

मी कामाला लागले. आधी अडॅप्टर. मल्टिमीटरनं पाहिलं तर एकोणीस व्होल्ट, अगदी नीट. मग बॅटरी काढून नुसत्या अडॅप्टरवर मशीन चालवलं. अर्धा तास चाललं, काही तक्रार नाही. म्हणजे दोष बॅटरीतच. ती काउंटरच्या काचेवर ठेवून बोटानं फिरवून पाहिली. फुगलेली असेल तर भोवऱ्यासारखी फिरते. ही जागेवर बसून राहिली. तिच्या पितळी पट्ट्यांवर खाऱ्या हवेनं हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलं होतं, ते पेन्सिलच्या खोडरबरानं घासून काढलं. मग पुन्हा बसवून मशीनला तिचा अहवाल विचारला. नवी असताना जेवढी भरायची त्याच्या साठ टक्के आता भरत होती.

"म्हातारी झालीय," मी म्हणाले. "पण नुसत्या म्हातारपणानं एक्केचाळीसवर मरायला नको. आत दोन-दोनच्या तीन जोड्यांनी सहा सेल असतात. एखादी जोडी कमजोर असेल, तर काम पडलं की तीच आधी मान टाकते, आणि बाकीच्या दोघींत दम असूनही मशीन बंद पडतं. पडद्यावरचा आकडा मात्र सगळ्यांची बेरीज करून एक्केचाळीस दाखवत राहतो."

"मग नवी घाला," यंत्र म्हणालं.

"या मॉडेलची पुण्याहून मागवावी लागेल. दहा दिवस."

तात्यांनी टेबलावर बोट आपटलं. "रविवार."

"रविवारी काय आहे?"

तात्यांनी की-बोर्डवरून बोटं उचलली. काकी म्हणाल्या, "काय नाय गो. हट्ट आहे नुसता."

मी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. बॅटरीचा खरा दम बघायचा तर ती पूर्ण भरायची, वायर काढायची आणि तिला तेच काम द्यायचं जे ती रोज करते, म्हणजे बोलायचं. दर पाच मिनिटांनी मी आकडा लिहून घेणार होते.

शुक्रवारी अकराला काकी त्यांना सोडून मासळी विकायला गेल्या. मी वायर काढली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "बोला तात्या."

"काय बोलू?"

"काहीही. थांबायचं नाही. तपासणी आहे."

ते गोंधळले. वर्षभर या माणसानं चार्ज वाचवण्यासाठी शब्द मोजूनमापून वापरले होते. आणि आता कुणीतरी थांबू नका म्हणत होतं. थोडा वेळ बोटं तशीच अधांतरी राहिली. मग यंत्र म्हणालं, "पापलेट पापलेट पापलेट, बोला चारशे, साडेचारशे, साडेचारशे एक वार."

इतकं सपाट, इतकं निर्विकार, की मला हसू फुटलं. तात्यांचे खांदेही हलायला लागले. हसताना रुमाल फडफडत होता, आवाज मात्र नुसत्या वाऱ्याचा.

"असं पुकारलं असतं तर बंदरावर एक मासा विकला नसता," यंत्र म्हणालं.

मग ते सुटलेच. बंदरावरच्या लोकांबद्दल बोलले. दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक कीर्तनकार होते, त्यांचाही आवाज गेला होता, आणि दोघं पाटीवर लिहून रात्रभर भांडायचे, ते सांगितलं. यंत्राला आपली बोली कळत नाही, 'नाय' लिहिलं की ते भलतंच काहीतरी वाचतं, म्हणून पुस्तकासारखं लिहावं लागतं, हे सांगितलं. "घरात मी मास्तरासारखा बोलतो. इंदू चिडते."

मी आकडे लिहीत होते. अठ्ठ्याऐंशी. एकोणऐंशी. अडुसष्ट. बावन्न मिनिटं झाली तेव्हा पडद्यावर एक्केचाळीस होतं. तात्या लिहीत होते, "इंदूबद्दल एक सांगतो, ती"

पडदा काळा झाला.

तात्या तसेच बसून राहिले. बोटं की-बोर्डवर. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरले नाही. बोलता बोलता तोंडावर कुणी हात दाबावा, तसं.

"माझं अनुमान बरोबर निघालं," मी घाईनं म्हणाले. "आता पुढचं करते. विंडोज सुरूच न करता, मशीनच्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावर ते नुसतं ठेवते. तिथे बोजा कमी. उरलेलं सगळं हळूहळू निथळू देते. मग पुन्हा गच्च भरते. म्हणजे आकड्याला कळेल की तळ नक्की कुठे आहे. कमजोर जोडी काही बरी होणार नाही, तात्या. पण निदान आकडा खोटं बोलणार नाही."

त्यांनी मान डोलावली.

दुपारी काकी आल्या, पाटी रिकामी करून. त्यांनी तात्यांना स्टँडवर गाडीत जागा धरायला पिटाळलं आणि स्वतः मागे राहिल्या. तात्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत दारात उभ्या होत्या. मग माझ्याजवळ आल्या.

"बाय, एक ऐकशील? नीट नको करूस ती."

मला आधी कळलंच नाही.

"नाय होत म्हणून सांग. दहा दिवसांनी नवी येईल तेव्हा घाल, मी ना नाय म्हणत. पण आता नको."

"का पण काकी?"

त्यांनी पाटी या हातातून त्या हातात घेतली. "भागी सोमवारी जातेय उरणला, लेकीकडे. कायमची. घराचा मीटरसुद्धा बंद करून घेतलाय, यंत्राची वायर लावायला तिच्याकडे वीज नाय. ती गेली की झालं. मग तो बोलू दे काय बोलायचं ते."

"भागी कोण?"

"बाजारात माझ्या शेजारी बसते. पाच वर्षं झाली, वसंता गेल्यापासून मीच बसवून घेतलीय माझ्याजवळ. तिचा पोरगा, वसंता. वादळात गेला." त्या थांबल्या. "तात्याला तिला काहीतरी सांगायचंय. गेल्या रविवारी गेला होता. यंत्र म्हणालं, 'वसंतच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे.' आणि मेलं. ती विचारते, कसली चूक? हा बटणं दाबत बसला. मी म्हटलं, अगो, तुझ्याकडे वरचेवर आला नाय, ते म्हणतोय. आणि घरी आणला."

"मग चूक कसली?"

"तुला काय करायचंय?" त्यांचा आवाज एकदम चढला आणि तितकाच एकदम उतरला. "बाय, गेलेलं माणूस काय परत येत नाय. जी मागे राहिलीत त्यांना एकमेकांच्या तोंडाकडे बघायचं असतं. एवढं कर माझं."

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. पण त्या गेल्यावर मी कामाच्या कागदावर लिहिलं: 'खात्री देता येत नाही.' लिहिताना मला काही खोटं लिहितेय असं वाटलं नाही. कुठल्या जुन्या बॅटरीची खात्री देता येते?

शनिवारी सकाळी बॅटरी शंभर दाखवत होती. मी पडद्याचा उजेड कमी केला, वायफाय बंद केलं, मागे उगाच चालणारी चार कामं थांबवली. पुन्हा अकरा वाजले. वायर काढली.

तात्या आज थबकले नाहीत. काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते.

"भागीरथी पावसे. तिला वाचता येत नाही. म्हणून पत्र नाही लिहीत. पत्र दुसऱ्यानं वाचलं असतं. बंदरावर पुकारा माझा होता. हेसुद्धा मीच पुकारायचं."

यंत्र एकेक वाक्य वाचत होतं. दोन वाक्यांच्या मधे फक्त बोटांची टकटक.

"त्या सकाळी साडेआठला सोसायटीत फोन आला. दुपारनंतर वादळ, होड्या बाहेर काढू नका. मी चिठ्ठी लिहून घेतली. लिलाव ऐन भरात होता. त्याच वेळी पुकारलं असतं तर व्यापारी पळाले असते, भाव पडला असता."

टकटक थांबली. तात्यांनी रुमाल सारखा केला. मग,

"मी चिठ्ठी खिशात टाकली. नऊला पुकारलं. मधल्या वेळात, नऊला दहा कमी असताना, वसंतनं दोर सोडला होता. बाकीच्या होड्या थांबल्या. वसंत लांब गेला होता. त्याला ऐकू आलं नाही."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मी आकडा लिहायला विसरले. पुन्हा पाहिलं तर बहात्तर होता.

"हे कुणालाच माहीत नाही?" मी विचारलं.

ते माझ्याकडे पाहत राहिले, जरा जास्तच वेळ. "मला माहीत आहे," यंत्र म्हणालं.

"तात्या, एक सुचवू? हे सगळं घरीच, वायर लावून लिहून ठेवा. तिच्यासमोर नुसतं बटण दाबायचं. चार मिनिटांत होईल. बॅटरीची काळजीच नको."

त्यांनी मान हलवली. "लिहून ठेवलं आहे. पण ती विचारेल. उत्तरं द्यायला बॅटरी लागेल."

मग त्यांनी मला काहीबाही विचारायला सांगितलं, भागी विचारेल तसं. मी विचारत गेले, ते उत्तरं देत गेले. या वेळी आकडा पायऱ्या उतरल्यासारखा नीट उतरत होता. वीस. बारा. सात. तीनवर मशीन बंद पडलं.

थोड्या वेळानं काकी दारात आल्या. आत यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "काय झालं? होतंय का नाय?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. तात्याही. कागद काउंटरवर होता.

"मी खात्री देऊ शकत नाही," मी म्हणाले.

काकींचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. तात्यांनी वायर लावली, मशीन जागं व्हायची वाट पाहिली. बराच वेळ लागला. मग दोन बोटं चालली.

"खात्री नको. मिनिटं सांग."

मी खाली कागदाकडे पाहिलं. तिथे माझ्याच अक्षरात सगळे आकडे होते.

"पासष्ट," मी म्हणाले. "एखाद-दुसरं इकडे-तिकडे."

काकींनी पाटी डोक्यावर घेतली आणि बाहेर पडल्या.

तात्यांनी मला रविवारी बोलावलं होतं. बॅटरीवर नजर ठेवायला कुणी हवं म्हणाले. मी तीनच्या गाडीनं गेले. भागीरथी पावसेंचं घर बंदराच्या अगदी टोकाला, पुढे बोंबील सुकवायच्या रिकाम्या दांड्या. पडवीत तीन गाठोडी आणि एक पत्र्याची ट्रंक. बाई बारीक, ताठ; ट्रंकेला दोरी आवळत होत्या. काकी आमच्याबरोबर निघाल्या नव्हत्या. घरीच राहते म्हणाल्या होत्या.

"या तात्या. ही कोण? सून बघितलीत काय?"

"मशीन दुरुस्त करणारी," मी म्हणाले.

"असं होय. चहा देता येत नाय बाय, भांडी बांधली."

तात्या पायरीवर बसले, मांडीवर लॅपटॉप. मी त्यांच्या मागे बसले, जिथून आकडा दिसेल. शंभर. चार वाजून दहा मिनिटं. त्यांनी बटण दाबलं.

आदल्या दिवशी मी ऐकलं होतं तेच यंत्रानं सांगितलं. फोन, चिठ्ठी, भाव, खिसा, नऊ वाजता. सगळं त्या सपाट आवाजात. भागीकाकींच्या हातातली दोरी तशीच होती. संपलं तेव्हा त्यांनी ती खाली ठेवली.

बराच वेळ त्या समुद्राकडे बघत होत्या. शहाण्णव. पंच्याण्णव. आकडा उतरत होता आणि मला वाटत होतं, आता ओरडतील, मारतील, निदान जा म्हणतील.

"म्हणजे नऊला दहा कमी असताना तुम्ही त्याला बघितलात," त्या म्हणाल्या.

"बघितलं," यंत्र म्हणालं.

"अंगात काय होतं?"

तात्यांची बोटं क्षणभर थांबली. हा प्रश्न आम्ही तयार केला नव्हता.

"निळा सदरा. खिसा उसवलेला."

"तो मी शिवणार होते." त्या जरा पुढे सरकल्या. "काय खाल्लं होतं काय त्यानं? घरून उपाशी गेला होता. माझ्याशी भांडून."

"चहा प्यायला. भाकरी फडक्यात होती. होडीत खाईन म्हणाला."

"रागात होता?"

"नाही. माझी नक्कल करत होता. पापलेट पापलेट. सगळे हसत होते."

भागीकाकींच्या तोंडून हुंदका निघाला असं मला वाटलं. पण त्या हसल्या होत्या. "मेला घरीपण करायचा. पाटावर उभा राहून." मग पदर तोंडाला लावला. "पाच वर्षं झाली तात्या. माझ्यासमोर कुणी नाव काढत नाय त्याचं. मला त्रास होईल म्हणून."

त्या विचारत राहिल्या. केस कापले होते का, कुणाशी बोलला, जाताना मागे वळून बघितलं का. तात्या टाइप करत राहिले. जिथे आठवत नव्हतं तिथे यंत्र म्हणत होतं, "आठवत नाही," आणि भागीकाकी मान डोलवून पुढचं विचारत होत्या. चाळीस. बत्तीस. एक्केचाळीसचा आकडा कधी येऊन गेला ते कुणालाच कळलं नाही. पंधरा झाले तेव्हा मी तात्यांच्या खांद्याला हात लावला.

त्याच वेळी मला इंदूकाकी दिसल्या. घराच्या कोपऱ्याशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे.

"एक सांगा," भागीकाकी म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज वेगळा होता. "अर्धा तास चिठ्ठी खिशात होती. तुम्हाला एकदापण वाटलं नाय, पुकारूया म्हणून?"

तात्यांनी लिहायला घेतलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा पुसलं. सहा. पाच.

"वाटलं," यंत्र म्हणालं. "पण मी"

पडदा काळा झाला.

तात्यांनी बटण दाबलं नाही. मशीन मिटलं आणि हात त्यावर ठेवले.

"त्याला वाटलं होतं," इंदूकाकी म्हणाल्या.

भागीकाकींनी वळून पाहिलं.

"तो पुकारायलाच निघाला होता. चिठ्ठी हातात होती त्याच्या. माझ्या भावाच्या होडीची मासळी, हलव्याचा ढीग, लिलावात होती तेव्हा. मी म्हटलं, एवढा ढीग जाऊ दे, मग पुकार. तो नाय म्हणाला. मी चिठ्ठी काढून घेतली त्याच्या हातातली आणि त्याच्या खिशात कोंबली."

तात्या उठले होते. जोरात मान हलवत होते, ओठ हलत होते, हातानं तिला थांब म्हणत होते. रुमाल फडफडत होता. नुसता वारा.

"नको गप्प करूस मला," काकी त्यांना म्हणाल्या. मग भागीकाकींकडे वळून, "चहा मीच दिला वसंताला. दोर सोडताना बघितला. वाटलं, तात्या आता पुकारेल, मग वसंता फिरेल माघारी. बोलले नाय मी."

खाली वाळूत कुणीतरी होडीला ठोकत होतं, तेवढाच आवाज.

"आणि म्हणून मला शेजारी बसवलीस," भागीकाकी म्हणाल्या. "पाच वर्षं."

"हो."

भागीकाकी उठल्या. इंदूकाकींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटतं, त्या दोघी एवढ्या जवळ रोजच बसत असतील. मग त्या आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "तात्या, तुम्ही जा. या पोरीला घेऊन जा. इंदू थांबेल."

आम्ही दोघं किनाऱ्यावरून परत आलो. लॅपटॉप मी घेतला होता. घरी आल्यावर त्यांनी वायर लावली आणि पडदा उजळेपर्यंत उभे राहिले.

"तिनं सांगायला नको होतं," यंत्र म्हणालं. थोड्या वेळानं, "तिचं नाव मी कुणाला सांगितलं नसतं."

काकी दिवेलागणीला आल्या. डोळे सुजलेले. तात्यांकडे पाहून म्हणाल्या, "भात लावते." मला म्हणाल्या, "शेवटची गाडी गेली. राहा इथेच." काय झालं ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि मला आजही माहीत नाही.

सकाळी साडेसहाच्या गाडीला मी स्टँडवर आले तर भागीकाकी आधीच खिडकीशी बसलेल्या होत्या. ट्रंक टपावर चढलेली. गाठोडी इंदूकाकी आत ठेवत होत्या. तिसरं ठेवून झालं तशा त्या खाली उतरल्या आणि पदर खोचून बाजाराच्या दिशेनं निघून गेल्या. एकीनंही निरोप घेतला नाही.

गाडी सुटली. मी भागीकाकींच्या शेजारीच बसले होते, दुसरीकडे जागा नव्हती. घाट चढेपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. मग माझ्या हाताला हात लावून म्हणाल्या,

"बाय, त्या मशीनला नवी बॅटरी मिळते काय?"

"मिळते. पुण्याहून येते. दहा दिवसांत."

"किती वेळ चालते नवी?"

"अडीच-तीन तास."

त्यांनी मनाशी काहीतरी हिशोब केला.

"मग घाल ती," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीकडे फोन हाय. तात्याला सांग, फोनला लाव म्हणावं ते यंत्र. मला अजून खूप विचारायचंय."

दापोलीला उतरल्यावर दुकान उघडायच्याही आधी, दारातूनच मी पुण्याला फोन लावला.